जॉयस्टिक आणि 'ड्रायव्हर गेलाय' नावाचं दुखणं

आधी लक्षणं. तुमचं यातलं कुठलं ते ठरवा, कारण पुढे कुठून सुरुवात करायची ते त्यावरच आहे.

• जॉयस्टिक लावली तरी कॉम्प्युटर ढिम्म. 'टुडुंग' नाही, दिवा नाही, काही नाही.
• आवाज येतो, पण पाठोपाठ 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड' अशी पट्टी. किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या उपकरणांच्या यादीत, नावाजवळ पिवळा त्रिकोण.
• चालता चालता मध्येच जाते, परत येते, परत जाते.
• विंडोजला दिसते, गेमला दिसत नाही.
• दिसते, चालते, पण हात न लावता विमान डावीकडे कलतं, किंवा सरळ रस्त्यावर गाडी थरथरते.
• काल नीट होती, आज बटणांची अदलाबदल झालीय.

या सहाही तक्रारी माझ्याकडे एकाच वाक्यात येतात: "अगं, ड्रायव्हर गेलाय वाटतं." ड्रायव्हर म्हणजे उपकरणाचं बोलणं विंडोजला समजावून सांगणारा छोटा प्रोग्रॅम.

मी पुण्यात कर्वेनगरला राहते. नोकरी आयटी सपोर्टची, त्यामुळे सोसायटीतले आणि नात्यातले बिघाड हक्काने घरी येतात. मला स्वतःला फ्लाइट सिम्युलेटरचं वेड, म्हणून त्यात जॉयस्टिकवाले जरा जास्त. आता फोनवर दोन प्रश्न विचारले की निम्मं कळतं, आणि बहुतेक वेळा कळतं ते हे की ड्रायव्हर जागच्या जागी आहे. बिघडलंय दुसरंच काहीतरी.

तरी सगळे ड्रायव्हरचंच नाव का घेतात? सवय जुनी आहे. पूर्वी जॉयस्टिक साउंड कार्डाच्या मागे १५ पिनांच्या गेम पोर्टला लागायची, सोबत सीडी असायची, आणि ती हरवली की खेळ संपला. तो पोर्ट विंडोज व्हिस्टापासून बादच झाला. यूएसबीची जॉयस्टिक वेगळ्या पद्धतीने चालते. कीबोर्ड, माउस आणि जॉयस्टिक ही एकाच जातकुळीतली उपकरणं, त्या जातीचं नाव 'ह्यूमन इंटरफेस डिव्हाइस', एचआयडी. जॉयस्टिक लावली की ती स्वतःच कॉम्प्युटरला सांगते: मला एवढे अक्ष (हालचालीच्या दिशा), एवढी बटणं, एक हॅट (अंगठ्याने चारी बाजूंना ढकलायचं छोटं बटण). ही भाषा समजणारा ड्रायव्हर विंडोजच्या पोटात आधीच असतो. माउस लावताना आपण सीडी शोधत नाही, तसंच हे.

कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं ते प्रोफाइल, दिवे आणि मुख्यतः फोर्स फीडबॅकसाठी, म्हणजे हातात धक्का-जोर जाणवणाऱ्या स्टिअरिंग व्हीलसारख्या वस्तूंना. साध्या स्टिकला सहसा लागत नाही. म्हणून इंटरनेटवर ड्रायव्हर शोधण्याचं काम मी यादीत बरंच खाली ठेवलंय.

फुकटातलं आधी

जॉयस्टिक काढा. मधे हब असेल, एक्स्टेन्शन वायर असेल, तेही काढा. डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा. पुढचे पोर्ट आतून एका बारीक वायरने मदरबोर्डवर खोचलेले असतात, आणि स्वस्त कॅबिनेटमध्ये ती खोच ढिली होते. माउस तिथे चालतो म्हणून जॉयस्टिक चालेलच असं नाही. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. अॅडॉप्टर नसलेल्या हबवर हेडफोन, वेबकॅम, कीबोर्ड आणि जॉयस्टिक असा सगळा संसार मांडला की तेवढ्यातच सगळ्यांना भागवावं लागतं.

लावताना स्टिकला हात लावू नका, बोटांनी धरून तर अजिबात नको. काही स्टिक्स वीज मिळाल्याच्या क्षणी जिथे असतील तोच मध्य धरतात. तुम्ही ती थोडी वाकडी धरली असेल तर पुढचा तासभर विमान वाकडंच.

आता रीस्टार्ट करा. शटडाउन करून परत चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे, आणि इथे खूपजण फसतात. विंडोज १० आणि ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउन करताना विंडोजचा गाभा, ड्रायव्हरसकट, डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि चालू केल्यावर तोच परत उचलला जातो. अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच राहतो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने चढतं. "रोज रात्री बंद करतो की" असं सांगणाऱ्यांचा कॉम्प्युटर कधीकधी महिनोन्महिने खऱ्या अर्थाने बंदच झालेला नसतो.

डेस्कटॉपवाल्यांसाठी एक जोड: गुरुवारी लाइट जाऊन आली आणि त्यानंतर यूएसबीने संप पुकारला, तर मागचा स्विच बंद करा, प्लग काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग लावा. उरलीसुरली वीज निघून गेली की पोर्ट पुष्कळदा शुद्धीवर येतात.

ती छोटी खिडकी

माझ्या मते या पोस्टमधली सर्वांत महत्त्वाची तपासणी हीच. विंडोजचं बटण धरून आर दाबा. येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत जे-ओ-वाय, टिंब, सी-पी-एल असं सलग टाइप करा आणि एंटर. 'गेम कंट्रोलर्स' नावाची, जुन्या विंडोजच्या काळातली वाटावी अशी छोटी खिडकी उघडेल. तुमच्या जॉयस्टिकचं नाव त्यात आहे का? असेल तर ते निवडून 'प्रॉपर्टीज'.

आत एक पांढरा चौकोन दिसतो आणि त्यात बारीकसं अधिकचं चिन्ह. स्टिक पुढे ढकला, चिन्ह वर जातं. डावीकडे झुकवा, डावीकडे जातं. शेजारच्या पट्ट्या थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारी दांडी) आणि दांडा पिळण्याच्या हालचालीच्या. खाली लाल गोल गोल बटणं, दाबाल ते उजळतं. हॅटसाठी बाणाचं वर्तुळ.

इथे सगळं नीट हलत असेल तर ड्रायव्हर ठणठणीत आहे. विषय संपला. जॉयस्टिकपासून विंडोजपर्यंतचा रस्ता मोकळा आहे आणि अडचण त्याच्यापुढे, म्हणजे गेममध्ये आहे. या खिडकीत नावच नसेल तर अडचण अलीकडे: वायर, पोर्ट किंवा ड्रायव्हर. आणि नाव आहे, पण चिन्ह मध्यावर न थांबता मुंगीसारखं वळवळतंय, तर अडचण स्टिकच्या पोटात. एका मिनिटात तीन वाटा वेगळ्या होतात, म्हणून मी फोनवर दुसरं काही ऐकून घ्यायच्या आधी ही खिडकी उघडायला लावते.

सहकारनगरचे एक काका आहेत. तरुणपणी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये ग्लायडर उडवलेले. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून सिम्युलेटरवर उडवतात. त्यांचा फोन: "अगं, ड्रायव्हर परत गेला बघ. ग्लायडर वर टिकतच नाही." तोपर्यंत त्यांनी तीन ठिकाणांहून तीन ड्रायव्हर उतरवून घेतले होते. मी गेले, खिडकी उघडली, स्टिक हलवली. सगळं चोख. काकांना ते पटेना. म्हणाले, "हे बघ, विंचने, म्हणजे जमिनीवरच्या यंत्राने दोर ओढून, वर गेल्यावर एवढ्या भराभर खाली येत नाही ग्लायडर. काहीतरी उघडं राहिलंय." आणि त्यांचं बरोबर होतं! त्या खिडकीत नावं दोन होती. दुसरं होतं नातवाच्या गेमपॅडचं. तो टेबलामागे पडला होता आणि वायर अजून लावलेलीच होती. सिम्युलेटरने त्याच्या एका काडीला परस्पर एअरब्रेक (ग्लायडर खाली आणायला पंखांवर उघडायच्या फळ्या) जोडून टाकले होते, आणि ती काडी भिंतीला टेकून अर्धवट दाबली गेली होती. काका उडवत होते, गेमपॅड ब्रेक लावत होता. मी वायर उपसली आणि ग्लायडर तरंगायला लागला. ते तीन ड्रायव्हर काढण्यात मात्र माझी अख्खी संध्याकाळ गेली.

तेव्हा खिडकीत एकापेक्षा जास्त नावं दिसली तर आधी बाकीची उपटा. काही नावं खऱ्या वस्तूंची नसतातही. व्हीजॉयसारख्या प्रोग्रॅमने बनवलेली आभासी जॉयस्टिक तिथे खऱ्यासारखीच बसलेली असते, आणि जुने गेम पहिल्या नावालाच जॉयस्टिक मानतात. त्याच खिडकीतल्या 'अॅडव्हान्स्ड'मध्ये जुन्या प्रोग्रॅमसाठी कुठलं उपकरण धरायचं ते निवडता येतं. तेही बघून ठेवा.

दुसरं मशीन

नाव दिसत नसेल तर जॉयस्टिक शेजाऱ्याच्या लॅपटॉपला लावून हीच खिडकी उघडा. खर्च एका चहाचा, तोही बहुधा शेजारीच देतो. दोन्हीकडे मेलेली असेल तर ड्रायव्हरचा नाद सोडा, वायर किंवा आतला बोर्ड गेलाय. एकीकडे चालली तरच पुढे वाचण्यात अर्थ आहे. ही पायरी लोक कंटाळा करून टाळतात आणि मग मेलेल्या वायरीसाठी विंडोज फॉरमॅट करतात. असं केलेली दोन माणसं माझ्याच नात्यात आहेत.

खिडकीत चालते, गेममध्ये नाही

गेम बंद करा, जॉयस्टिक लावा, मग गेम सुरू करा. पुष्कळ गेम सुरू होतानाच एकदा मोजदाद करतात, नंतर आलेल्याला विचारत नाहीत.

तरी नाही? मग दोन बोलींचा घोळ असू शकतो. विंडोजमध्ये गेमला जॉयस्टिक ऐकू येते ती मुख्यतः दोन पद्धतींनी: जुनी डायरेक्टइनपुट आणि एक्सबॉक्स ३६० बरोबर आलेली एक्सइनपुट. एक्सइनपुटला फक्त एक्सबॉक्सच्या साच्यातला गेमपॅड कळतो: दोन काड्या, दोन ट्रिगर, ठरलेली बटणं, आणि एका वेळी जास्तीत जास्त चार पॅड. थ्रॉटल आणि रडर (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारं सुकाणू) असलेली खरी जॉयस्टिक त्या साच्यात मावत नाही, ती डायरेक्टइनपुटच बोलते. त्यामुळे फक्त एक्सइनपुट ऐकणाऱ्या गेमला तुमची उत्तम चालणारी स्टिक दिसतच नाही, आणि जुन्या गेमला नवा पॅड अर्धवट कळतो. काही गेमपॅडवर यासाठी बारीक स्विच असतो. एकीकडे 'एक्स', दुसरीकडे 'डी'. लॉजिटेकच्या एफ३१० ला आहे. तो सरकवा, वायर काढून परत लावा. स्विच नसेल तर एक्स३६०सीई सारखा दुभाषी प्रोग्रॅम मधे बसवता येतो, पण ते पुढचं पाऊल.

स्टीमवरून, म्हणजे गेमच्या त्या ऑनलाइन दुकानातून, खेळत असाल तर 'स्टीम इनपुट' बघा. स्टीम कंट्रोलर स्वतःच्या ताब्यात घेऊन गेमला एक्सबॉक्स पॅड म्हणून दाखवू शकतं. पॅडवाल्यांना ते सोयीचं, जॉयस्टिकवाल्यांना त्याचा ताप. गेमच्या नावावर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, कंट्रोलर, आणि त्या एका गेमपुरतं बंद.

बटणांची अदलाबदल झाली असेल तर आधी स्वतःला विचारा: पोर्ट बदलला का? बऱ्याच स्वस्त जॉयस्टिक्सना स्वतःचा सिरीयल नंबर नसतो. मग विंडोज त्यांना पोर्टावरून ओळखतं. पोर्ट बदलला की विंडोजच्या लेखी ती नवी पाहुणी, आणि सिम्युलेटरमध्ये घासूनपुसून बसवलेली सेटिंग्ज जुनीच्या नावावर राहिलेली. परत जुन्या पोर्टला लावा, बहुतेक वेळा सगळं जागेवर येतं. माझ्या कॅबिनेटमागे त्या पोर्टाशेजारी मी चक्क लाल टिकली चिकटवली आहे. हसा हवं तर, पण अंधारात टेबलाखाली वाकून तीच उपयोगी पडते.

थरथर आणि कल

त्या खिडकीत 'सेटिंग्ज' नावाची टॅब असते. आधी 'रीसेट टू डिफॉल्ट' दाबा, कॅलिब्रेट (स्टिकचा मध्य आणि टोकं विंडोजला नव्याने शिकवणं) नंतर. क्रम महत्त्वाचा आहे. कधीकाळी कुणीतरी अर्धवट कॅलिब्रेट करून ठेवलेलं असतं आणि त्या चुकीवर आपण दुसरी चूक रचतो. रीसेटने बरं वाटलं तर कॅलिब्रेट करूच नका. नाहीच वाटलं तर करा, आणि ते सांगेल तेव्हा स्टिक कोपऱ्याकोपऱ्यात शेवटापर्यंत न्या.

पण चिन्ह वळवळत असेल तर कॅलिब्रेशनचा उपयोग नाही. नेहमीच्या स्टिकमध्ये प्रत्येक अक्षाला एक पोटेंशिओमीटर असतो, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या खुंटीत असायचा तसाच. आत कार्बनचा पट्टा, त्यावर घासणारी धातूची जीभ. जिथे हात जास्त थांबतो तिथे, म्हणजे बरोबर मध्यावर, पट्टा झिजतो. मी माझी जुनी स्टिक उघडली तेव्हा त्या जिभेच्या वाटेवर काजळासारखी काळी बारीक पूड होती आणि मध्ये एक चकाकता डाग, नखाच्या टोकाएवढा. त्या डागावर जीभ आली की आकडे नाचायचे, जरा बाजूला गेली की शांत. पुण्याच्या पावसाळ्यात हे जास्त जाणवतं. जूनमध्ये माळ्यावरून काढलेली स्टिक पहिले चार दिवस रुसलेली असते.

उपाय स्वस्तातले: स्टिक पन्नासेक वेळा शेवटापासून शेवटापर्यंत फिरवा, वरवरची घाण सुटते. गेममध्ये डेड झोन, म्हणजे मध्याजवळचा हालचाल न मोजण्याचा पट्टा, पाच टक्क्यांपर्यंत वाढवा. वॉरंटी संपलेली असेल आणि हात चालत असेल तर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा, फिरवा, वाळू द्या. बिजागऱ्यांना मारायचा तेलकट स्प्रे मारू नका, तो धूळ धरून ठेवतो आणि महिन्यात पहिल्यापेक्षा वाईट होतं. पट्टा फाटला असेल तर मात्र नवा पोटेंशिओमीटरच. जुना काढून सोबत घेऊन तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, जा, त्यावरचा आकडा जुळवून मिळतो. बी १०३ लिहिलं असेल तर तो १० किलोओहमचा, सरळ चढाचा. उंची आणि दांड्याचा आकारही जुळायला हवा, नाहीतर स्टिकचं झाकण बसत नाही. थ्रस्टमास्टरच्या टी.१६०००एम सारख्या स्टिकमध्ये मुख्य अक्षांना चुंबकावर चालणारे हॉल सेन्सर असतात. तिथे घासणारं काही नसतं, म्हणून हा आजार त्या अक्षांना होत नाही.

येते-जाते

पोर्ट बदलून झाला, तरी येते-जाते. आधी वायर बघा. खिडकी उघडी ठेवून स्टिकच्या बुडाशी, जिथे वायर आत शिरते, तिथे हलकेच वाकवा. त्याच क्षणी गेली तर निदान झालं.

वायर शाबूत असेल तर वीज वाचवणारी सेटिंग. स्टार्टवर राइट-क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर, शेवटाकडचा 'युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स' हा गट, त्यातल्या प्रत्येक 'यूएसबी रूट हब'च्या प्रॉपर्टीजमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' टॅब, आणि वीज वाचवायला हे उपकरण बंद करू देण्याची खूण काढा. शिवाय पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत यादीत 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' डिसेबल करा. काही नव्या लॅपटॉपवर या जागा दिसतच नाहीत, तिथे चार्जर लावून खेळून बघा.

आता खरोखर ड्रायव्हर

इथपर्यंत आलात, म्हणजे जॉयस्टिक दुसऱ्या मशीनवर चालते, तुमच्यावर नाही, वायर आणि पोर्ट ठीक. आता ड्रायव्हरवर संशय घ्यायला हरकत नाही.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या त्रिकोणावर डबल-क्लिक करा आणि कोड वाचा. तो आकडा लिहून घ्या, पुढे दुरुस्तीवाल्यालाही तोच लागतो. २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. १० म्हणजे उपकरण सुरू होत नाही. ४३ म्हणजे उपकरणाने स्वतःच बिघाड कळवलाय, आणि दोन मशीनवर ४३ आला तर ते हार्डवेअर समजा. ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही विंडोजला पटलेली नाही.

पहिला उपाय सफाई. 'व्ह्यू' मेन्यूतून लपलेली उपकरणं दाखवायला सांगा. फिकट रंगात जुन्या जॉयस्टिक्सची भुतं दिसतील. तुमच्या जॉयस्टिकच्या नोंदी, फिकट आणि गडद दोन्ही, अनइन्स्टॉल करा. ड्रायव्हरही काढायचा का असा चौकोन आला तर खूण करा. नोंद तुमच्याच जॉयस्टिकची आहे ना, याची खात्री 'डिटेल्स' टॅबमधल्या हार्डवेअर आयडीवरून होते. व्हीआयडीपुढची चार अक्षरं कंपनीची खूण असतात: ०४६डी लॉजिटेक, ०४४एफ थ्रस्टमास्टर, ०४५ई मायक्रोसॉफ्ट. हे न बघता काढत सुटाल तर माउस किंवा कीबोर्ड काढून बसाल. मी एकदा बसले आहे. कंपनीचं सॉफ्टवेअर असेल तर तेही अॅप्सच्या यादीतून काढा. जॉयस्टिक उपसा, रीस्टार्ट करा, परत लावा आणि मिनिटभर हात बांधून बसा. विंडोज स्वतःचा ड्रायव्हर स्वतः चढवतं.

दुसरा उपाय थोड्यांना माहीत असतो आणि जुन्या जॉयस्टिकवर हमखास चालतो. 'अपडेट ड्रायव्हर', मग 'ब्राउज माय कॉम्प्युटर', मग 'लेट मी पिक', आणि यादीतून साधा 'यूएसबी इनपुट डिव्हाइस' निवडा. कंपनीचा जुना ड्रायव्हर नव्या विंडोजला झेपत नसेल तर असा तो बाजूला सारून पोटातला ड्रायव्हर लावता येतो. कंपनीची खास बटणं, दिवे कदाचित जातील. उडवता येईल.

तिसरा: सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स. फोर्स फीडबॅकचं व्हील असेल तर त्याचा ड्रायव्हर तिथे किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवर, बस. अशा व्हीलच्या बाबतीत आधी सॉफ्टवेअर आणि सांगेल तेव्हा वायर, हा क्रम पुष्कळदा असतो. उलटा केला तर काढून पहिल्यापासून.

'तुमचे सगळे ड्रायव्हर आपोआप अपडेट करतो' म्हणणारे प्रोग्रॅम घेऊ नका. काकांच्या त्या तीन ड्रायव्हरांपैकी दोन असेच होते. जॉयस्टिकला त्यांनी हातही लावला नव्हता. ब्राउजरमध्ये मात्र दोन नव्या पट्ट्या आणि दर अर्ध्या तासाला पैसे मागणारी सूचना.

आणि एक. जुना ड्रायव्हर चढावा म्हणून विंडोज सिक्युरिटीमधली 'मेमरी इंटिग्रिटी' किंवा सहीची तपासणी बंद करा, असा सल्ला मिळेल. करू नका. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात त्याचं कुलूप जॉयस्टिकसाठी काढायचं नसतं.

शेवटची चाचणी हौशी लोकांसाठी. पेन ड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी, लिनक्सवरची प्रणाली) घ्या आणि इन्स्टॉल न करता 'ट्राय'मध्ये चालवा. लिनक्सलाही ही भाषा जन्मजात येते. त्याच मशीनवर तिथे जॉयस्टिक चालली तर बिघाड नक्की विंडोजच्या मांडणीत. नाही चालली तर पोर्ट किंवा मदरबोर्ड.

इथे थांबा

पोर्ट हाताला गरम लागतोय, जळका वास येतोय, किंवा विंडोज 'पॉवर सर्ज' म्हणतंय: लगेच उपसा आणि परत कुठेही लावू नका. शॉर्ट असलेली वायर दुसऱ्याचा लॅपटॉपही घेऊन जाईल, म्हणून अशा जॉयस्टिकवर ते 'दुसरं मशीन' करूच नका. वॉरंटी चालू असेल तर स्क्रू ड्रायव्हर ठेवून द्या. फोर्स फीडबॅकचं व्हील किंवा त्याचा अॅडॉप्टर घरी उघडू नका. आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेले असू शकतात. आणि रजिस्ट्रीत किंवा बायॉसमध्ये शिरायची वेळ आली असेल तर ती वेळ मदत मागायची आहे.

मदत कोणाकडे, तर बिघाडाप्रमाणे. दुसऱ्या मशीनवर चालते म्हणजे कॉम्प्युटरवाला. दोन्हीकडे बंद म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाला. कॉम्प्युटरच्या दुकानात तुम्हाला नवीनच दाखवतील. बुडाशी तुटलेली वायर तर मोबाइल दुरुस्त करणारा चांगला मुलगाही जोडून देतो. साध्या यूएसबीच्या आत चारच तारा असतात, लाल, काळी, पांढरी, हिरवी. गेल्यावर "ड्रायव्हर बघा" म्हणू नका. "दोन मशीनवर लावून पाहिली, कोड ४३, वायर हलवली की जाते," असं सांगा. त्याचा अर्धा तास वाचतो, तुमचे पैसे.

जुन्या बाजारातून घेणाऱ्यांनी रविवारी लॅपटॉप सोबत न्यावा. १५ पिनांचा चपटा प्लग दिसला तर शोभेची वस्तू म्हणून घ्यायची असेल तरच घ्या. यूएसबीची असेल तर तिथेच फळकुटावर लावा, ती खिडकी उघडा, स्टिक शेवटापर्यंत फिरवून सोडून द्या आणि चिन्ह मध्यावर येऊन गप्प बसतं का ते दहा सेकंद बघा. विक्रेता म्हणेल, "ताई, ड्रायव्हर टाकला की चालेल." चिन्ह वळवळत असेल तर परत ठेवा.